विकत घेणाऱ्याचे मौन

हापूसमधला साका फळ कापेपर्यंत कळत नाही. साल पिवळीधमक, देठाकडे केशरी झाक, वास घरभर सुटलेला. आणि सुरी फिरली की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. पेटी भरताना हे बागायतदारालाही दिसत नाही. पण फळ चौदा आणे तयार असताना उतरवले की झाडावरच जास्त ठेवले, उतरवल्यावर ते लगेच सावलीत नेले की तापल्या कातळावर पडून राहिले, एवढे त्याला ठाऊक असते, आणि साका धरण्याशी या गोष्टींचा संबंध आहे. पुण्यात बसून पेटी घेणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. फळ सदोष निघाले तर नुकसान कोणी सोसायचे?

इंग्रजी कायद्याने या प्रश्नाला शतकानुशतके दिलेले उत्तर लॅटिनमध्ये आहे: कॅव्हिएट एम्प्टर. एम्प्टर म्हणजे विकत घेणारा. त्याने सावध राहावे, डोळे उघडे ठेवून घ्यावे, नंतर तक्रार घेऊन येऊ नये. आपल्या वकिलांच्या तोंडी हे दोन शब्द इतके रुळले आहेत की ते रोमन कायद्याचेच सूत्र असावे असा समज होतो. ते तसे नाही. रोमन कायद्यात एम्प्टर हा खरेदी-विक्रीच्या करारातला एक पक्ष आणि वेंडिटर हा दुसरा. दिवाळखोराची सगळी मालमत्ता एकगठ्ठा घेणाऱ्यालाही तिथे 'बोनोरम एम्प्टर' म्हणत. बाजारावर देखरेख करणाऱ्या रोमन अधिकाऱ्यांच्या फर्मानानुसार तर गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याला त्यातले दोष आधी सांगावेच लागत; लपवले तर सौदा मोडता येई. सावधगिरीचे सगळे ओझे घेणाऱ्यावर टाकणारे वचन इंग्लंडात सोळाव्या शतकात घोड्यांच्या खरेदीसंबंधी लिहिलेल्या मजकुरात दिसते. पुढे १६०३ साली 'चँडलर विरुद्ध लोपस' हा खटला झाला. एका सोनाराने बेझोरचा खडा म्हणून शंभर पौंडांना एक दगड विकला. बेझोर म्हणजे जनावराच्या पोटात तयार होणारा खडा, त्या काळी विषावरचा उतारा समजला जाणारा. दगड बेझोर नव्हता. न्यायालय म्हणाले, सोनाराने तो बेझोर आहे असे नुसते म्हटले, हमी दिली नव्हती. सबब दाद मिळणार नाही.

तिथून इथवरचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तो लांबवत नाही. आपल्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे १६ वे कलम याच वचनापासून सुरू होते आणि त्याला महत्त्वाचे अपवाद जोडते: घेणारा विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून असेल, माल वर्णनावरून घेतला असेल, दोष तपासूनही दिसण्यासारखा नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्याकडे जाते. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ साली तो नव्याने झाला. बांधकामासाठी महारेरा आले. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे परप्रांतातले फळ रत्नागिरीच्या नावाने खपवणे हा आता नुसता लबाडीचा नव्हे, कायदेभंगाचा विषय झाला. कार्बाइडने आंबा पिकवण्यावर बंदी आहे. या सगळ्यातून एम्प्टर बराच सुरक्षित झाला, आणि ते व्हायलाच हवे होते.

परंतु या संपूर्ण इमारतीखाली एक गृहीत आहे: विकणारा जाणता असतो आणि घेणारा अजाण. दुकानात ते खरे आहे. आंब्याच्या पेटीपुरतेही बऱ्याच अंशी खरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जे सर्वांत मोठे सौदे होतात, जे एका पिढीने केले की पुढच्या सगळ्या पिढ्यांना भोगावे लागतात, त्या जमिनीच्या सौद्यांत मात्र हे गृहीत उलटे आहे. तिथे विकणारा अजाण असतो. घेणाऱ्याला सगळे ठाऊक असते, आणि कायदा त्याला गप्प राहण्याची मुभा देतो. ही मुभा काढून घेतली पाहिजे, हे मला या लेखात सांगायचे आहे.

कोकणातली जमीन कशी विकली जाते ते आधी पाहू. सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे. त्यातली निम्मी माणसे वारलेली, वारस नोंदलेले नाहीत. उरलेल्यांतली बरीचशी मुंबईत, गणपती आणि शिमग्याला येणारी. सड्यावरच्या कातळाची नोंद पोटखराबा. तिथे पावसाळ्यात गवत आणि एखादी नाचणी-वरीची पट्टी यापलीकडे काही होत नाही, म्हणून तिला मोल आहे असे घरात कोणाला वाटतच नाही. 'इतर हक्का'त एखादे कुळ, कुठे भोगवटादार वर्ग दोनची अट, कुठे खाजगी वनाचा शेरा. जमिनीची मोजणी शेवटची कधी झाली ते आजोबांना ठाऊक होते.

अशा घरी एके दिवशी एजंट येतो. तो कोणासाठी घेतो आहे ते सांगत नाही. महाराष्ट्राच्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे खरा घेणारा कोण हे झाकण्याला आणखी एक कारण मिळते. त्याच्या वकिलाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतलेला असतो, सगळे फेरफार काढलेले असतात, वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देऊन कोणाची हरकत आहे का ते विचारलेले असते. घरातल्या कोणाला आपला हिस्सा किती आणे येतो हे सांगता येणार नाही, पण त्या वकिलाच्या फाइलीत ते पैशांपर्यंत मांडलेले असते. या सावधपणात गैर काही नाही, एम्प्टरने असेच वागावे असे कायदा सांगतोच. मला प्रश्न पडतो तो पुढचा. त्या फाइलीत आणखी एक गोष्ट असू शकते: या सड्यावर दोन वर्षांनी काय येणार आहे.

राजापूर तालुक्यात नाणार परिसरातल्या रिफायनरीसाठी जमिनीची अधिसूचना मे २०१७ मध्ये निघाली. तीव्र विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये तो प्रकल्प तिथून मागे घेतल्याचे जाहीर झाले. मग बारसू-सोलगावचे नाव पुढे आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी गावकरी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, उन्हात झोपून राहिले. रिफायनरी हवी की नको, हा वेगळा वाद आहे आणि तो इथे मी काढत नाही. मात्र दोन्ही ठिकाणी, प्रकल्पाचे नाव गावात कळण्याच्या आधीच बाहेरच्या मंडळींनी मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्याचे आरोप जाहीरपणे झाले. प्रकल्पाच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्हीकडच्या माणसांना ही गोष्ट खुपली. ज्याने कातळ म्हणून गुंठ्याला मिळेल ते घेतले, त्याला नंतर कळते की घेणाऱ्याने त्याच्याकडून कातळ घेतलाच नव्हता. त्याने येणारा मोबदला घेतला होता. गावात यासाठी एकच वाक्य ऐकू येते: 'आमका कोणी सांगल्यानच नाय.'

कोणी का सांगितले नाही? कारण सांगण्याचे बंधन नव्हते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली स्पष्ट लिहिले आहे की निव्वळ मौन ही फसवणूक नव्हे, बोलण्याचे कर्तव्य असेल तेवढी परिस्थिती सोडून. त्याचे उदाहरणही कायद्यातच दिले आहे: दोन व्यापारी सौदा करतात, एकाला भाव बदलणार असल्याची खाजगी माहिती आहे, जी दुसऱ्याला कळली तर तो सौद्याला तयार होणार नाही, तरी पहिल्याने ती सांगण्याचे बंधन नाही. याच कायद्याच्या २५ व्या कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे: हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचे कोणी मोकळ्या मनाने कबूल केले तर करार वैध आहे. या दोन उदाहरणांच्या मधून एक अख्खा सडा निघून जाऊ शकतो.

पण पहिल्या उदाहरणातले शब्द नीट वाचावेत. 'दोन व्यापारी.' ज्यांचे पोटच भावाच्या बातमीवर चालते, जे दोघेही रोज बातमी शोधतात आणि आज मी चुकलो तर उद्या तू चुकशील अशा बरोबरीने बसतात, त्यांच्यासाठी ते उदाहरण लिहिले गेले. राजापूरच्या सड्यावर वीस गुंठे असलेली विधवा व्यापारी नाही. ती आयुष्यात एकदाच जमीन विकते. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला नियम तिला लावणे हा त्या नियमाचाच गैरवापर आहे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८१७ साली हाच प्रश्न आला होता. फेब्रुवारी १८१५. ब्रिटनशी चाललेले युद्ध संपवणारा तह झाल्याची बातमी न्यू ऑर्लिन्समध्ये भल्या सकाळी एका व्यापाऱ्याला इतरांच्या आधी कळली. नाकेबंदीमुळे तंबाखूचा भाव पडलेला होता. त्याने लगोलग एका पेढीकडून तंबाखूची एकशे अकरा पिंपे घेतली. बातमी फुटताच भाव तीस ते पन्नास टक्के चढला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी म्हटले की घेणाऱ्याने बाहेरून मिळवलेली माहिती विकणाऱ्याला सांगण्याचे बंधन नाही. या निकालाचा हवाला आजवर दिला जातो. पण हे दोघेही व्यापारी होते, एकाच बंदरात बसलेले. शिवाय विकणाऱ्याने 'भाव वाढवणारी काही बातमी आहे का' असे विचारले होते, आणि घेणाऱ्याने त्यावर फसवले का हे ज्यूरीने ठरवावे म्हणून खटला परत पाठवण्यात आला. हा दुसरा भाग सांगायचे लोक विसरतात. मी त्याकडे शेवटी परत येणार आहे, कारण आपल्या कामाचा भाग तोच आहे.

एम्प्टर या शब्दाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा वापर कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सिसेरोने मुलासाठी कर्तव्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात खरेदी-विक्रीतल्या मौनाची बरीच चर्चा आहे. त्यात क्विंटस स्केव्होला या थोर कायदेपंडिताची गोष्ट येते. तो एका शेताचा एम्प्टर होता. त्याने विकणाऱ्याला सांगितले, एकदाच काय ती किंमत सांग. विकणाऱ्याने सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते या शेताची किंमत याहून जास्त आहे; आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर घातले. सिसेरो लिहितो की हे सज्जनाचे वागणे होते हे कोणी नाकारत नाही. शहाण्याचे नव्हते, असे मात्र लोक म्हणतात, आणि सज्जनपणा व शहाणपणा अशी फारकत करणेच विघातक आहे. आपल्याकडे जातककथांतही अशीच एक कथा आहे. गरीब घरातली आजी काळवंडलेले भांडे देऊन नातीसाठी दागिना मागते. पहिला फेरीवाला ते सोन्याचे आहे हे ओळखतो आणि फुकटात मिळावे म्हणून ते भिरकावून निघून जातो. दुसरा तेच भांडे पाहून तिला सांगतो की आई, याची किंमत लाखभर आहे, माझ्याजवळ एवढे पैसे नाहीत. दोन्ही कथांत परीक्षा घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही. जुन्या जगाला हा प्रश्न पक्का ठाऊक होता. विसर आपल्याला पडला.

या कथा म्हणजे नीती झाली, कायद्याने नीती शिकवू नये, असे म्हणणारे असतात. त्यांना उत्तर म्हणून पुन्हा कायदाच पाहावा लागेल. इसवी सन २८५ च्या सुमाराच्या रोमन सम्राटाच्या आदेशात जमीन निम्म्याहून कमी किमतीला विकली गेली असेल तर सौदा मोडण्याचा हक्क दिला आहे, आणि तो घेणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला. एम्प्टरने मग उरलेली किंमत भरावी किंवा जमीन परत करावी. फ्रान्सच्या नागरी संहितेत १६७४ वे कलम आजही सांगते की स्थावर विकणाऱ्याला वाजवी किमतीच्या सात-द्वादशांशाहून जास्त तोटा झाला असेल तर त्याला विक्री रद्द करून मागता येते, त्याने हा हक्क सोडल्याचे लिहून दिले असले तरीसुद्धा. फ्रान्सचे हे सात आणि बारा आपल्या सातबाऱ्याशी जुळतात हा केवळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा. आपल्या देशात असा हक्क नाही.

पूर्वी थोडेसे काहीतरी होते. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या जुन्या २० व्या कलमाखाली, साठेखत झाल्यावर घेणाऱ्याने खरेदीखतासाठी दावा लावला तर न्यायालयाला ते नाकारण्याचा विवेकाधिकार होता, जर करारातून घेणाऱ्याला विकणाऱ्यावर गैरवाजवी फायदा मिळत असेल तर. नुसती कमी किंमत हे कारण तेव्हाही पुरे नव्हते, पण परिस्थिती पाहून न्यायाधीश हात आखडता घेऊ शकत. २०१८ च्या दुरुस्तीने हा विवेकाधिकार काढून घेतला. व्यवहारात निश्चितता यावी, गुंतवणूकदाराला खात्री वाटावी, हा हेतू होता. रत्नागिरीच्या सड्यावर त्याचा अर्थ असा की साठेखतावर एकदा सही झाली की मधल्या काळात सत्य कळूनही विकणाऱ्याला मागे फिरणे पूर्वीपेक्षा अवघड झाले.

तरीही एक कलम आपल्याकडे आहे आणि ते वकिलांशिवाय कोणाला माहीत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा मालकीतला छुपा दोष सांगितला पाहिजे, हे त्यात आहेच. त्याच कलमाच्या पाचव्या भागात उलट कर्तव्यही आहे: विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप वा विस्तार यासंबंधी घेणाऱ्याला एखादी गोष्ट माहीत असेल, विकणाऱ्याला ती माहीत नसावी असे मानायला जागा असेल, आणि तिने त्या हक्काचे मोल लक्षणीय वाढत असेल, तर घेणाऱ्याने ती सांगितली पाहिजे. न सांगणे कायद्याच्या नजरेत कपट आहे. ही भाषा कोकणाला किती लागू पडते पाहा. मुंबईत राहणारी बहीण समजते की वडिलांच्या जमिनीत आपला काही हक्क नाही, भाऊ देतील ते घ्यावे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा असल्याचे पक्के झाले आहे, हे तिला माहीत नाही. घेणाऱ्याच्या वकिलाला आहे. तिच्याकडून हजार-दोन हजारांत हक्कसोड किंवा विक्री लिहून घेणारा एम्प्टर गप्प बसला तर तो ५५ व्या कलमाचा भंग करतो. दुर्दैवाने हे कर्तव्य विकणाऱ्याच्या हक्कापुरतेच आहे. जमिनीवर येऊ घातलेला प्रकल्प, रस्ता, बंदर ही त्या हक्काच्या बाहेरची गोष्ट, असे म्हणून घेणारा सुटतो. माझी मागणी या एका वाक्याच्या रुंदीएवढी आहे: सरकारी निर्णयातून येणारी आणि सर्वांना खुली नसलेली माहितीही या कर्तव्यात घ्या.

यावर आक्षेप येतो तो विचार करण्यासारखा आहे. माहिती मिळवायला कष्ट आणि पैसा लागतो. भूगर्भशास्त्रज्ञ नेमून खनिज शोधणाऱ्याला तू आधी मालकाला सांग असे म्हटले तर शोधच कोणी घेणार नाही, आणि जमिनीचा चांगला उपयोग होणार नाही. अँथनी क्रॉनमन या अमेरिकन कायदेपंडिताने १९७८ साली हा भेद नीट मांडला: मुद्दाम खर्च करून मिळवलेली माहिती वेगळी आणि सहज हाती आलेली वेगळी, पहिलीला संरक्षण द्यावे, दुसरीला देण्याचे कारण नाही. मला हा भेद मान्य आहे. एखाद्या माणसाने सड्यावर स्वतः फिरून, पाणी तपासून, इथे काजू होईल असे ताडले आणि गप्प राहून जमीन घेतली, तर त्याचा तो हुशारीचा मोबदला. पण रिफायनरी कुठे येणार, महामार्गाचे वळण कुठून जाणार, ही माहिती घेणाऱ्याने कष्टाने निर्माण केलेली नाही. ती मंत्रालयातल्या फाइलीत तयार झाली, जनतेच्या पैशाने, जनतेच्या नावाने. ती ज्या वाटेने त्याच्याकडे आली ती वाट बंद असायला हवी होती. अशा माहितीवर कमावलेला नफा हा शोधाचा मोबदला नाही, फुटलेल्या गोपनीयतेचा आहे.

शेअर बाजारात आपण हे केव्हाच मान्य केले. कंपनीच्या आतली न फुटलेली बातमी हाताशी धरून शेअर घेणे हा सेबीच्या नियमांनुसार गुन्हा आहे. २०१५ चे नियम त्यासाठीच आहेत. तिथे विकणारा बहुधा पैसे गुंतवून बसलेला, जाणता माणूस असतो, आणि तरी त्याला संरक्षण आहे. जमिनीत विकणाऱ्याची अख्खी मिळकत जाते, आणि संरक्षण नाही. शंभर शेअरच्या मालकाला जे मिळते ते शंभर गुंठ्यांच्या मालकाला का नको, याचे उत्तर कोणीतरी विधिमंडळात द्यायला हवे.

संसदेलाही हे एकदा सुचले होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ४६ व्या कलमात एक तरतूद आहे: ५ सप्टेंबर २०११ नंतर ठराविक मर्यादेपलीकडे जमीन खाजगी वाटाघाटीने घेतलेली असेल आणि कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत ती संपादित झाली, तर मोबदल्यातला चाळीस टक्के वाटा मूळ मालकाला द्यावा. म्हणजे भूसंपादनाचा वास घेऊन आधी जमीन गोळा करणारे असतात, हे देशाच्या कायद्याने लेखी मान्य केले. कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला, त्यामुळे २०१६ संपताना ही खिडकी बंद झाली. नाणारची अधिसूचना त्यानंतर काही महिन्यांनी निघाली. शिवाय महाराष्ट्रात उद्योगांसाठी जमीन बऱ्याचदा १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली घेतली जाते आणि त्याची वाट वेगळी. ही चाळीस टक्क्यांची तरतूद कायमची करावी, संपादनाच्या आधीच्या पाच वर्षांतल्या सर्व खरेद्यांना लावावी, आणि ती १९६१ च्या कायद्यातही आणावी. आधी जमीन गोळा करण्यातला फायदाच आटला तर एजंट दारात येणार नाही.

दुसरी गोष्ट खऱ्या घेणाऱ्याचे नाव. इथे आपल्याच परंपरेतली एक तरतूद मला फार शहाणी वाटते. बाराव्या शतकात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्यात जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते असे वचन येते: गावाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती, सोने आणि पाणी देणे. गावाची संमती कशासाठी, तर व्यवहार उघड व्हावा म्हणून, असे तो स्पष्ट सांगतो. गाव मालक नाही, गाव परवानगी देत नाही. गावाला कळले पाहिजे, एवढेच. याच धर्मशास्त्रात विकत घेतलेल्या मालाच्या परीक्षेसाठी दिवस नेमून दिले आहेत, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात. आणि मनू तर सौद्याचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत तो परत करण्याची मुभा घेणाऱ्यालाही देतो आणि विकणाऱ्यालाही. हे सगळे आज जसेच्या तसे आणावे असे मी म्हणत नाही. त्या ग्रंथांत मुलींना, शूद्रांना, दासांना काय वागणूक आहे हे विसरून चालणार नाही. पण याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळे व्यवहारकांड मांडून ठेवले आहे, आणि ते स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे होते. इंग्रजांनी आणलेले कॅव्हिएट एम्प्टर हेच खरेदी-विक्रीचे एकमेव शहाणपण नव्हे, हे कळायला तेवढे पुरे. एका ठरावीक क्षेत्राहून जास्त जमीन एकाच गावात घेणाऱ्याने, किंवा त्याच्या वतीने घेणाऱ्यांनी, नोंदणीच्या आधी तीस दिवस ग्रामसभेत आपले नाव आणि हेतू जाहीर करावा, असा नियम आज करता येतो. जाहीर नोटीस घेणाऱ्याच्या रक्षणासाठी निघते. तशीच विकणाऱ्यांच्या रक्षणासाठी निघावी.

आंब्याच्या व्यापारातही विकणाऱ्याच्या अज्ञानाचा हिशेब कायद्याने एकदा केला आहे. बागायतदार पेट्या वाशीला पाठवतो. तिथे काय भाव फुटला ते त्याला दलालाची पट्टी आल्यावर कळते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरण्याच्या पद्धतीत तर तिसऱ्याला काही कळूच नये अशी व्यवस्था होती. २०१६ साली राज्याने फळे-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले तेव्हा बराच विरोध झाला, बाजार बंद राहिले. पण तत्त्व मान्य झाले: सौद्यात दुबळा कोण, हे पाहून ओझे ठेवायचे. जमिनीला तेच तत्त्व लावायला हरकत काय?

कायदे व्हायला वर्षे लागतील. तोवर जे आजच्या कायद्यात बसते ते करता येते, आणि इथे त्या न्यू ऑर्लिन्सच्या खटल्याचा विसरलेला भाग कामाला येतो. मौन फसवणूक नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे ही आपल्या १७ व्या कलमाखालीही फसवणूकच आहे, आणि फसवणुकीने झालेला करार रद्द करून मागता येतो. तेव्हा रत्नागिरी, राजापूर, लांजा, गुहागर, मंडणगड, कुठेही जमीन विकायला निघालेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. किमतीचे बोलणे सुरू होण्याआधी घेणाऱ्याला विचारा: ही जमीन तुम्ही कोणासाठी घेता? या परिसरात कुठला प्रकल्प, रस्ता, संपादन येणार असल्याचे तुम्हाला ठाऊक आहे का? आणि उत्तर तोंडी घेऊ नका. साठेखतात आणि खरेदीखतात त्याच्याकडून लिहून घ्या, की अशी कोणतीही माहिती मला नाही आणि ही खरेदी मी दुसऱ्या कोणाच्या वतीने करत नाही. मुंबईच्या बहिणींनी, काकूंनी आपला हिस्सा किती हे स्वतःच्या वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय हक्कसोडीवर सही करू नये. आणि घेणारा ती दोन वाक्ये लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याला जमीन विकू नका.